भिंतीपलीकडचा गोल

आमच्या घरी गोल दोनदा व्हायचा. आधी भिंतीपलीकडे जेरेकाकांच्या गुत्त्यात, आणि मग बाबांच्या फोनवर. गुत्त्यावर डिश होती. बाबांचा सामना इंटरनेटवरून यायचा आणि वाटेत कुठेतरी रेंगाळायचा. पलीकडे माणसं खुर्च्या उलथवून ओरडत असायची, तेव्हा आमच्या फोनवर बॉल अजून मैदानाच्या मधोमध कुणाच्या तरी पायात असायचा आणि पुढे काय होणार याची त्या माणसाला कल्पना नसायची. मधला वेळ फार नव्हता. पण त्या वर्षी मला सगळ्यात जास्त भीती त्याच वेळाची वाटायची.

आमच्या खाणीच्या गावातल्या, लुआन्श्याच्या, मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं की बाबांच्या पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगवटा आला आहे. त्यांची फुप्फुसं पाहता शस्त्रक्रिया झेपणार नाही. फुगवटा महिनोन् महिने तसाच राहील, किंवा एखाद्या दिवशी, रक्ताचा दाब एकदम चढला तर, फुटेल. मी विचारलं, एकदम म्हणजे कशाने? तो म्हणाला, राग, धक्का, फार मोठा आनंद. मग माझ्या हातातल्या पिशवीतून डोकावणारी बाबांच्या संघाची निळी टोपी पाहून म्हणाला, ते फुटबॉल बघतात का?

बाबांना मी सांगितलं की पाठीची नस आखडली आहे. काब्वेच्या ज्या शाळेत मी शिकवायचे तिथून लांबलचक रजा घेतली, आणि आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते त्या घरी परत आले.

आधी मी सामना बंद करून पाहिला. नेटवर्क नाही, असं त्यांना सांगितलं. बाबांनी अर्धा तास वाट पाहिली, मग टोपी घातली आणि भर उन्हात मैदानाच्या दिशेने चालायला लागले. त्या दिवशी सामना तिकडे नव्हताच, दुसऱ्या गावी होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी त्यांना आंब्याखाली गाठलं तेव्हा ते खोडाला हात टेकून उभे होते. त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला कळलं की न बघण्यात बघण्यापेक्षा कमी धोका नाही. शेवटी मी लीगच्या ॲपवर हंगामभराचा पास घेतला.

पास घेण्याआधी एक गोष्ट घडली होती. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला फुकट लिंक पाठवली होती. चोरीची, पण जलद. डिशच्या अगदी मागोमाग चालणारी. मला तेच हवं होतं. बाबांसमोर मी ती लावली, चित्र आलं, त्यांच्या शाफ्ट रोव्हर्सची पोरं निळ्या जर्सीत धावत होती. बाबांनी विचारलं, तिकीट कुठे आहे? मी म्हटलं, याला लागत नाही. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि मुन्कोयोच्या, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पेयाच्या, भांड्याशेजारी पालथा ठेवून दिला.

बाबा आयुष्यभर शाफ्ट रोव्हर्सच्या मैदानाच्या पश्चिम फाटकावर तिकिटं फाडत होते. भिंतीवर चढलेली, झाडावर लटकलेली माणसं त्यांनी तंगड्या ओढून खाली आणली होती, त्यात एकदा आमचा चर्चचा पाद्रीही होता. असा माणूस चोरून बघणार नव्हता. त्यामुळे आमच्याकडे रीतसर पासाचं, उशिरा येणारं प्रक्षेपण आलं. दर सामन्याआधी ते मला ॲपवरचा पास उघडून दाखवायला लावायचे, हिरवं चिन्ह नीट बघायचे आणि विचारायचे, "फाडलंस?" मी आत जायचं बटण दाबलं की म्हणायचे, "चल, बस."

हे सगळं ठीक होतं. प्रश्न भिंतीपलीकडचा होता.

जेरेकाका न्गोनी. आम्ही बेम्बा. आमच्या दोन जमाती पूर्वी एकमेकींशी लढल्या आणि मग त्यांच्यात थट्टेचं नातं लागलं. भेटलं की डिवचायचं, हवं ते बोलायचं, आणि राग धरायचा नाही. ते नातं मरणाच्या घरीही सुटत नाही, तिथे तर ते जास्तच पाळावं लागतं. बाबा आणि जेरेकाका हे नातं चाळीस वर्षं एकमेकांवर झाडत आले होते. बाबांच्या लेखी ते उंदीरखाऊ, त्यांच्या लेखी आम्ही माकडखाऊ. काकांचा संघ पूर्वेकडचा, त्यांच्या गावचा, लुटेम्ब्वे. पण शाफ्ट रोव्हर्स हरत असले की लुटेम्ब्वेचा काही संबंध नसतानाही त्यांना आनंद व्हायचा.

गुत्त्यात आरडाओरडा झाला की भिंतीवर त्यांचं डोकं वर यायचं. पलीकडे ते बिअरच्या क्रेटवर उभे राहायचे.

"काय रे कासुबाच्या बापा, तुझा गोलकीपर माकड दिसलं म्हणून झाडावर चढला वाटतं. जाळं उघडंच सोडलंय." कासुबा म्हणजे मी.

"जा, तुझे उंदीर करपतायत," बाबा म्हणायचे. पण आवाज चढलेला असायचा. मानेवरची शीर उभी राहायची. डोळे फोनवर खिळायचे, जिथे अजून काहीच झालेलं नसायचं. बॉल सावकाश, निर्धास्तपणे इकडून तिकडे जात असायचा. ते पुढे वाकायचे, जणू ओरडून त्या पोरांना सावध करता येईल. मी त्यांच्या मानेकडे बघत राहायचे. मला गोल कधी दिसलाच नाही. मी फक्त ती शीर बघत असायचे.

हंगामाचा शेवटचा सामना लुटेम्ब्वेशी, त्यांच्याच मैदानावर होता. शाफ्ट हरले तर खालच्या लीगमध्ये जाणार, बरोबरी झाली तर वाचणार. आठवडाभर जेरेकाका भिंतीवरून तयारी करत होते. शाफ्टसाठी खालच्या लीगमध्ये केळीचं झाड लावून ठेवलंय, बसायला सोय होईल, असं काहीबाही. बाबा हसायचे, मग खोकायचे, मग पोटावर हात ठेवून गप्प व्हायचे. रात्री त्यांच्या खोलीबाहेर उभी राहून मी श्वास ऐकायचे.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गुत्त्यात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. काका टेबलं पुसत होते. मला बघून म्हणाले, या माकडीणबाई, बापाने पांढरं निशाण पाठवलं का? मी त्यांना बसायला सांगितलं आणि डॉक्टर जे बोलला ते सगळं सांगितलं.

हातातल्या फडक्याची त्यांनी घडी घातली, उलगडली, परत घातली.

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"आणि मला सांगतेस."

मी म्हटलं, उद्या भिंतीवर येऊ नका. गोल कुणाचाही होवो. सामना संपेपर्यंत एक शब्द नको.

काकांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू त्याची मुलगी. सांगतेस तर गप्प बसेन. पण मायो, त्याच्यासमोर गप्प बसायची मला सवय नाही. ते मला नीट जमणार नाही."

मायो म्हणजे आई. आमच्याकडे मुलींनाही तसंच म्हणतात. काकांनी मला त्याआधी तसं कधीच म्हटलं नव्हतं, नेहमी माकडीणबाई. थट्टा थांबली की बाबांना शंका येणारच, हे मला त्याचवेळी कळायला हवं होतं. मी मात्र हलकी होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली. निळी टोपी घातली. मी त्यांची खुर्ची व्हरांड्यात मांडली, फोन मुन्कोयोच्या भांड्याला टेकवला, पास दाखवला. त्यांनी हिरवं चिन्ह पाहिलं.

"फाडलंस?"

"फाडलं."

"चल, बस."

पहिला अर्धा भाग तसाच गेला. दोन्हीकडची पोरं घाबरलेली होती, बॉल पायात आला की निखारा आल्यासारखी लांब भिरकावत होती. भिंतीपलीकडून नेहमीचा गलका येत होता. बाबांचा श्वास ठीक होता. मी मनात म्हटलं, असंच राहू दे. असाच कंटाळवाणा सामना होऊ दे.

दुसऱ्या भागात पलीकडून आवाज आला. लांब, एकदम खाली बसलेला, घरावर काहीतरी पडल्यावर येतो तसा. त्याच्यावर दोन-तीन आनंदाच्या किंकाळ्या. गुत्त्यात गिऱ्हाईक बहुतेक आमच्याच गावचं, त्यामुळे मला समजायचं ते समजलं. लुटेम्ब्वेचा गोल झाला होता. फोनवर अजून नव्हता झाला. आमचा एक खेळाडू बुटाची नाडी बांधत होता.

मी बाबांच्या मानेकडे पाहिलं. ते फोनकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते.

भिंतीवर कुणी आलं नाही.

फोनवर नाडी बांधून झाली. बॉल उजवीकडे गेला, तिथून आत आला, एक उंच पोरगा उसळला आणि जाळं हललं. समालोचक ओरडला. बाबांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. भिंतीवर एक पाल होती, ती सरकली. उन्हात भिंतीच्या कडेवर लावलेल्या काचा चमकत होत्या.

"जेरे आजारी आहे का?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, ते न्डोलाला गेलेत, मुलीकडे. माझ्या तोंडून ते पटकन निघालं. तेवढ्यात भिंतीच्या अगदी पलीकडे कुणीतरी खोकलं. दाबून, तोंडावर हात धरून. तो खोकला आम्हाला दोघांनाही ओळखीचा होता. काका क्रेटशी उभे होते. वर चढले नव्हते, इतकंच.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सावकाश, माझ्याकडे न बघता बोलू लागले. म्हणाले, तुझ्या आईच्या मातीला हा माणूस खड्ड्यात उतरून आडवा झाला होता. उशी आणून द्या, नाहीतर मी उठत नाही, असं म्हणाला होता. आम्ही रडत होतो, आणि हा खालून विचारत होता की या बाईने आयुष्यभर माकडाचा रस्सा रांधला, थोडा शिल्लक आहे का. "त्या दिवशीसुद्धा तो गप्प बसला नाही. मला आधार त्याचाच झाला, भजनांचा नाही. आज शाफ्ट बुडतंय, त्याचं लुटेम्ब्वे पुढे आहे, आणि हा भिंतीआड तोंड दाबून उभा आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू त्याला काय सांगितलंस?"

सामना चालूच होता. समालोचकाचा आवाज बारीक, दूरचा, डब्यातून आल्यासारखा येत होता.

"पाठीची नस नाही ती," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आत्ता. जो धक्का मी महिनोन् महिने दाराबाहेर अडवून धरला होता, तो मीच हाताने आत आणला. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि सांगितलं. जितक्या साध्या शब्दांत सांगता येईल तितक्या. सांगताना माझी नजर त्यांच्या मानेवर होती. शीर उडत होती. त्यांनी पोटावर तळहात ठेवला, अगदी हलका, झोपलेल्या मुलावर ठेवतात तसा.

"इथे?"

"हो."

मी बाबांना आयुष्यात घाबरलेलं पाहिलं नव्हतं. खाणीत अपघात झाला तेव्हाही नाही, आई गेली तेव्हाही नाही. आता त्यांच्या डोळ्यांत भीती होती. ती लपवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, टोपीसुद्धा डोक्यावर नव्हती.

"दुखेल का, मायो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं.

मी त्यांचं मनगट धरलं होतं. बोटाखाली त्यांची नाडी धावत होती आणि मी प्रत्येक ठोक्याला पुढच्याची वाट बघत होते. मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, घसा साफ केला आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली.

"जेरे. मला ऐकू येतोय तुझा खोकला. वर ये."

क्रेट वाजली. काकांचं डोकं वर आलं. चेहरा ओला होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, अपराध्यासारखं.

"मी गप्प होतो," ते मला म्हणाले.

"तेच तर," बाबा म्हणाले. "ये इकडे. फाटकातून ये, भिंतीवरून नको."

"माझ्याकडे तिकीट नाही."

बाबांनी फोनच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. मैदानावर एक पद्धत होती. सामना संपत आला की पश्चिमेचं फाटक ते स्वतःच्या हाताने सताड उघडायचे. बाहेर ताटकळलेले सगळे, तिकीट नसलेले, आत धावायचे आणि शेवटचं जे काही उरलं असेल ते बघायचे. बाबा तेव्हा कुणालाच अडवायचे नाहीत.

"शेवटची मिनिटं आहेत," ते म्हणाले. "आता तिकीट लागत नाही."

काका क्रेटवरून खाली उतरले. आमच्या फाटकाची कडी वाजेपर्यंत मला बाबांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही. ते आले, व्हरांड्याच्या पायरीवर बसले, फोनकडे वळले. मग म्हणाले, "हा फोन कुणाला जाणार आहे?"

मी दचकले.

"कासुबाला," बाबा म्हणाले.

"तिच्याकडे आहे एक. हा मला हवा. आणि टोपी. खड्ड्यात टोपी घालून काय करणार आहेस, तिथे कोण तिकिटं आणतंय?"

"खड्डा तूच खण. उंदराची बिळं उकरून हात बसलाय तुझा."

"खणीन की. पण तिरका खणीन. बेम्बा माणसाला सरळ झोपायची सवय नसते, झाडावर वाकून बसलेला असतो."

बाबा हसले. पोटातून, खांदे हलवत. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. डॉक्टरने हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. ते हसत होते, खोकत होते, डोळे पुसत होते, आणि माझ्या बोटाखाली नाडी कशीही पळत होती. मी मनात म्हणत होते, पुरे, आता पुरे. काकाही हसत होते, पण त्यांचे डोळे बाबांच्या पोटावरच्या हाताकडे होते. घाबरलेली मी एकटीच नव्हते.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

असा आवाज मी तिथे आधी ऐकला नव्हता. बाटल्या फुटल्या, टेबल पडलं, बायका किंचाळल्या. त्यात आनंद होता की भांडण, कुणाचा गोल होता, काही कळत नव्हतं. आम्ही तिघंही काकांच्या नेहमीच्या जागेकडे, भिंतीकडे, बघायला लागलो. पण काका तर इथे बसले होते. सांगायला तिथे कुणी नव्हतं.

काका उठले. "बघून येतो," म्हणाले. बाबांनी त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं.

"बस. आत आलास ना? आता बाहेर जायचं नाही."

फोनवर शाफ्टला कॉर्नर मिळाला होता. आमचा पोरगा बॉल हातात घेऊन कोपऱ्याकडे चालला होता. त्याने बॉल खाली ठेवला. मग चित्र थांबलं. मधोमध ते गोल चिन्ह फिरायला लागलं.

किती वेळ फिरलं मला ठाऊक नाही. बाबांचा एक हात माझ्या हातात होता, दुसऱ्याने काकांचा सदरा धरलेला. पलीकडे लोक अजून ओरडत होते. त्यांना सगळं माहीत होतं. आम्हाला नव्हतं. मी चिन्हाकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच, बाबांच्या मानेकडे बघायचं विसरले होते.

चित्र सुटलं. बॉल उंच आला, गर्दीत उतरला, लुटेम्ब्वेच्याच एका खेळाडूच्या खांद्याला लागून आत गेला. अगदी ओंगळ गोल. शाफ्ट वाचले.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त श्वास सोडला. मग काकांकडे वळून म्हणाले, "आम्हाला खांदा पण तुम्हीच दिलात."

काकांनी हात लांब करून त्यांची टोपी डोळ्यांवर ओढली.

बाबा त्या दिवशी गेले नाहीत. त्यानंतर काही आठवड्यांनी, सामना नसलेल्या दिवशी, सकाळी मुन्कोयो पिता पिता गेले. दुखलं का, ते मला आजही माहीत नाही. भांडं हातातून पडलं आणि मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत झालेलं होतं.

मातीच्या दिवशी आम्ही कबरस्तानापाशी पोचलो तेव्हा जेरेकाका तिथल्या फाटकात निळी टोपी घालून उभे होते. प्रत्येकाकडे तिकीट मागत होते. बाबांसारखीच मान तिरकी, बाबांसारखाच पुढे केलेला हात. पाद्री आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं की आज भिंतीवरून नाही का आलात. लोक हसत होते आणि हसता हसता रडत होते. माझ्यापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. ते बाजूला झाले, मला आत सोडलं.

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा मी पास घेतला. मी आता लुआन्श्यातच शिकवते. दुपारी खुर्ची व्हरांड्यात ओढते, फोन टेकवते, हिरवं चिन्ह बघते. पलीकडे गलका झाला की मी फोनवरून नजर काढते आणि भिंतीकडे बघते. काका आता थकलेत. क्रेटवर चढायला त्यांना वेळ लागतो. कधीकधी गोल माझ्या फोनवर होऊन जातो, तरी काचांच्या वर काही दिसत नाही. मी बॉल बघत नाही. मी तिथेच बघत बसते, आणि ऐकत राहते की क्रेट वाजते का.